हातांचं बोलणं

खिळ्यांच्या कारखान्यात तोंडानं बोलायची सोयच नव्हती. तारेची भेंडोळी एका बाजूनं मशीनमध्ये शिरायची, दुसऱ्या बाजूनं खिळे पत्र्याच्या ट्रेमध्ये पडायचे आणि मधल्या दणक्यात माणसाच्या आवाजाचा भुगा व्हायचा. नवीन आलेली माणसं सुरुवातीला घसा फोडून घ्यायची. मग गप्प व्हायची आणि आमच्या हातांकडे बघायला शिकायची. अंगठा ओठाला लावला की पाणी. मूठ छातीवर आपटली की दे. खांद्यावर दोन बोटं ठेवली की मुकादम येतोय आणि तीच बोटं नाकाला लावली की मुकादम पिऊन आलाय.

आमचे हे तार चढवण्याच्या कामावर होते, मी खिळे पेट्यांत भरायच्या कामावर. मध्ये अख्खी शेड. लग्न करशील का, हे त्यांनी मला त्या शेडच्या पलीकडून विचारलं. लग्नाला आमच्याकडे खूण नव्हती. म्हणून त्यांनी दोन खिळे उचलले, तारेच्या तुकड्यानं एकमेकांना बांधले आणि वर धरून दाखवले. मी खांद्यावर दोन बोटं ठेवली. ते हिरमुसले. माझं उत्तर तेच आहे असं त्यांना वाटलं, पण मुकादम खरोखरच त्यांच्या मागे येऊन उभा होता. पुढं कितीतरी वर्षं हा किस्सा ते पाहुण्यांना सांगत आणि दर वेळी मुकादमाच्या मिशा थोड्या वाढवत.

घरी आलो तरी ती सवय सुटली नाही. बोलायचो तोंडानंच, चारचौघांसारखं, पण हात आपले शब्दांबरोबर चालत राहायचे. वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, शाळेत शिकवायच्या. त्यांना हे बिलकूल खपायचं नाही. "माणसांसारखं बोला की जरा! माकडचेष्टा कसल्या लावल्यात?" म्हणायच्या. आम्ही चकित होऊन हातांकडे बघायचो. आपण हात हलवतोय हे आम्हाला कळतच नसे. श्वास घेताना कुठं कळतं?

एका दुपारी पहिली पाळी संपवून हे सायकलवरून निघाले आणि वळणावर मागून आलेल्या ट्रकनं त्यांना उडवलं. हॉर्न दिला होता म्हणे. आयुष्यभर त्या शेडमध्ये काम केलेल्या माणसाला हॉर्नचं काय कौतुक! डोक्याच्या डाव्या बाजूला मार बसला. बरेच दिवस बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. एक घोगरा आवाज तेवढा यायचा, जुनं दार ओढल्यासारखा.

जिवावरचं टळल्यावर त्यांना पुनर्वसन विभागात हलवलं. लांबलचक खोली, दोन्हीकडे खाटा, टोकाला चालायला शिकवायचे दोन आडवे दांडे. शेजारच्या खाटेवर एक न्हावी होता, अपघातात पाय गुडघ्यापासून गेलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "वहिनी, माझा पाय गेला पण जीभ शाबूत आहे. तुमच्या ह्यांचं जरा वेगळं दिसतंय. दोघांना जोडून एक धड माणूस होतो का विचारा डॉक्टरांना."

मोठ्या डॉक्टरांनी मला सुरुवातीलाच बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. "बाई, इथं कुणी कायमचं राहत नाही. शेवटी आम्ही परीक्षा घेतो. जो घरी दिवसभर एकटा राहू शकेल, तो घरी जातो. नाहीतर घरात सतत कुणीतरी हवं. आहे का कुणी?"

कुणीही नव्हतं. मूलबाळ आम्हाला झालं नाही. मी कारखान्यात गेले नाही तर खाणार काय? वन्सं मुलाच्या घरी राहायच्या, तिथं त्यांचाच बिछाना रोज बाहेरच्या खोलीत अंथरायचा आणि सकाळी गुंडाळायचा.

"मग मागची इमारत," डॉक्टर म्हणाले. "तिथं कायमचं ठेवून घेतात."

ती इमारत आमच्या खोलीच्या खिडकीतून दिसायची. खिडक्यांना जाळ्या, समोर सिमेंटची बाकं. बाकांवर माणसं बसलेली असायची. ऊन सरकलं तरी ती सरकत नसत, कुणीतरी येऊन त्यांना सरकवायचं. न्हावी तिकडे पाठ करून झोपायचा.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हे घरी यायला हवेत. पहिली पाळी संपली की मी अंगावरची तेलाची घाण तशीच घेऊन इस्पितळात जायचे. दांड्यांना धरून ते पाय फरफटत चालायचे, घामानं निथळायचे. व्यायाम घेणारा माणूस "शाब्बास, पैलवान!" म्हणून ओरडायचा. लुळ्या हातात रबरी चेंडू द्यायचा, तो घरंगळत खाटेखाली जायचा, मी वाकून काढायचे. मग ते दमून पडले की मी स्टुलावर बसून दिवसभराच्या गोष्टी सांगायचे. कोणाचं कोणाशी वाजलं, कुठलं मशीन बंद पडलं, मुकादमानं कुणाला झापलं. ते मान डोलवायचे, योग्य जागी हसायचे, मुकादमाचं नाव निघालं की तोंड वाकडं करायचे. पाणी द्या म्हटलं तर डाव्या हातानं पेला पुढं करायचे.

मी सगळ्यांना सांगत सुटले, "बोलता येत नाही एवढंच. कळतं सगळं."

परिचारिका म्हणायच्या, "आमचं तर काहीच ऐकत नाहीत. कूस बदला म्हटलं तर बघत बसतात."

"बायकोचंच ऐकायचं, बाकीच्यांकडे बघत राहायचं," न्हावी म्हणाला. "लग्न झालेल्या सगळ्यांना हा आजार असतो, बाई. त्याला औषध नाही."

वन्सं मात्र रडवेल्या व्हायच्या. सुट्टीच्या दिवशी येऊन ह्यांच्या उशाशी तासन्‌तास बोलायच्या आणि बाहेर आल्यावर म्हणायच्या, "तुझ्याशी हसतो, माझ्याकडे परक्यासारखा बघतो. काय बिघडवलंय मी त्याचं?"

बोलायला शिकवणारी एक मुलगी तिथं यायची. अंगानं किरकोळ, डोळ्यांवर जाड चष्मा. न्हाव्यानं तिचं नाव शब्दवाली ठेवलं होतं. ती ह्यांच्यासमोर पाट ठेवायची, पाटावर पेला, कंगवा, किल्ली, साबण मांडायची आणि "कंगवा द्या" म्हणायची. हे किल्ली उचलायचे, नाहीतर तिच्या चष्म्याकडे बघत राहायचे. एके दिवशी मी लवकर पोचले तेव्हा तिनं मला समोर बसवलं.

"तुमचं ऐकतात म्हणे. तुम्ही सांगा बघू."

मी म्हटलं, "अहो, पेला द्या." त्यांनी पेला दिला. "कंगवा." कंगवा दिला. मला असा काही आनंद झाला! शब्दवाली माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती खाली, माझ्या मांडीकडे बघत होती. तिनं खाटेवरची जाड घोंगडी उचलली आणि माझ्या दोन्ही हातांवर ठेवली.

"ही जरा धरा. घट्ट. आता पुन्हा सांगा."

"पेला द्या," मी म्हटलं.

ते घोंगडीकडे बघत राहिले. मग माझ्या चेहऱ्याकडे. मग त्यांनी साबण उचलून माझ्यापुढं केला, जरा घाबरतच.

"आता आणखी एक करा," ती हळूच म्हणाली. "हसत हसत, रोजच्या आवाजात सांगा, की उद्यापासून मी येणार नाही. तुम्हाला सोडून चाललेय."

"हे कसलं बोलायला लावतेस गं?"

"सांगा ना. मला खात्री करायचीय."

मी हसले. माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो, उद्यापासून मी येणार नाही. तुम्हाला सोडून चाललेय मी."

त्यांनी मान डोलवली. तोंडभर हसले.

न्हावी त्या वेळी जागा होता. त्याला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

व्हरांड्यात नेऊन शब्दवालीनं मला समजावलं. कान चांगले आहेत. आवाज आत जातो, पण शब्दाचा अर्थ लागत नाही. ते फक्त माझ्या हातांवरून ओळखत होते. मी म्हटलं, "मग हात आहेत की माझे! रोज हातांनी सांगेन."

"आणि तुम्ही कारखान्यात असाल तेव्हा? खालून कुणी ओरडलं, आग लागलीय, बाहेर या, तर?"

मी हातांवरचं तेल पदराला पुसायला लागले.

"थोडे शब्द परत येऊ शकतात," ती म्हणाली. "येतीलच असं म्हणत नाही. पण हात समोर दिसताहेत तोवर ते शब्दांकडे वळणार नाहीत. तुम्ही यायचं, बोलायचं, पण हात बंद. का बंद, हेसुद्धा हातांनी सांगायचं नाही, नाहीतर ते शब्द सोडून हात सुटायचीच वाट बघतील. जमेल?"

जमेल म्हणाले. हात हलतात हे ज्या बाईला ठाऊक नव्हतं, ती म्हणाली जमेल! पहिल्याच वाक्याला हात वर आला. मग मी एक शाल आणली, दोन्ही हात शालीखाली घट्ट गुंतवून बसायला लागले. तोंड चालू ठेवलं. पेला, पाणी, पाणी हवं, पाणी प्या. दार, दार लावा. न्हावी म्हणायचा, "वहिनी, आता मलाच तहान लागली."

आणि हे? माझ्या बाजूनं मी अखंड बोलत होते. त्यांच्या लेखी मी मुकी झाले होते. त्या अख्ख्या जगात त्यांच्याशी बोलणारं एकच माणूस होतं, तेही अचानक गप्प झालं. आधी ते वाट बघायचे. मग डाव्या हातानं विचारायचे, काय झालं? मी शालीत बोटं एकमेकांत रुतवून म्हणायचे, "काही नाही झालं. पाणी हवं का?" एकदा त्यांनी माझी शाल ओढून काढली. माझा एक हात धरून उजेडाकडे नेला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट वाकवून बघितलं. मग दुसरा. आमच्या कारखान्यात बायकांची बोटं जायची, आमच्यातल्या कितीजणींना एखाद्या बोटाचं पेर नव्हतं. ते माझी बोटं शाबूत आहेत का बघत होते. शाबूत होती. ते कळल्यावर त्यांनी माझे हात माझ्या मांडीवर टाकून दिले आणि भिंतीकडे तोंड केलं.

हात चांगले असून ही बोलत नाही, म्हणजे हिला बोलायचंच नाही. दुसरा काय अर्थ लावतील?

त्यानंतर दांड्यांपाशीही जायचं त्यांनी सोडलं. व्यायामवाला उठवायचा, ते अंग सैल सोडायचे. वन्संनी मला व्हरांड्यात गाठलं.

"काय चालवलंयस? झुरायला लागलाय तो! हलव की हात!"

"तुम्हीच माकडचेष्टा म्हणायच्यात ना, वन्सं?"

"म्हणायचे. अजून शंभरदा म्हणेन. पण त्याच्याशी बोल गं. आणि हे बघ, परीक्षेच्या दिवशी तरी शहाणपण करू नकोस. डॉक्टर काय तुझ्या बोटांकडे बघत बसणारेत? एवढीशी खूण कर आणि भावाला घरी आण. पुढचं पुढं बघू."

"पुढचं मीच बघायचंय."

"मग त्याला त्या जाळीत घालणारेस?" वन्संचा आवाज चिरकला. "माझा भाऊ आहे तो!"

"माझा कोण आहे मग?" मी म्हटलं. दोघीही रडलो, पण वेगवेगळ्या खांबांना टेकून.

शब्दवाली रोज येत राहिली. तिनं त्यांच्यापुढं पाणी ओतून, पिऊन, सांडून दाखवलं. बऱ्याच खटाटोपानंतर ह्यांना पाणी हा शब्द कळायला लागला. मग नको कळला, इतकंच नाही तर तोंडातूनही आला. मोडका होता, पण नको होता. ती मुलगी टाळ्या वाजवत नाचायची बाकी राहिली. त्यानंतर ते सगळ्यालाच नको म्हणायला लागले. जेवण, व्यायाम, औषध, मी. न्हावी घरी जायला निघाला, काखेत कुबड्या घेऊन ह्यांचा निरोप घ्यायला आला, तर त्यालाही नको.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "सगळ्यात कामाचा शब्द आधी आला." आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

परीक्षेला मोठे डॉक्टर आले, शब्दवाली आली. वन्सं दाराशी उभ्या राहिल्या. मी समोरच्या खुर्चीत, शाल पांघरून. ह्यांना आधी चालायला लावलं. काठी टेकत, पाय ओढत, पण चालले. डाव्या हातानं शर्टाची बटणं लावून दाखवली. डॉक्टरांनी पाण्याचा पेला मागितला, तो उचलून दिला. वन्संनी दारातूनच डोळे मिटून हात जोडले.

मग डॉक्टर म्हणाले, "मागचं दार उघडं आहे, ते लावून या."

हे डॉक्टरांकडे बघत राहिले. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द तोडून. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी बघत होते!

दार लावायची खूण फार बारकी आहे. दोन बोटं एकमेकांना टेकवायची, बस. शालीची कड जराशी सरकवून मांडीवर केली असती तरी डॉक्टरांच्या लक्षात आलं नसतं. शब्दवालीच्या आलं असतं. पण त्याच क्षणी ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. त्या बाजूच्या खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती भिंत होती.

दाराशी वन्सं ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, "कर गं. कर."

मला आमचं घर दिसलं. ओट्यावरची शेगडी दिसली. मी बाहेरून कुलूप लावून जावं की न लावता? लावलं आणि आत काही पेटलं तर? न लावता गेले आणि हे जिना उतरून रस्त्यावर गेले, मागून कुणी ओरडलं, बाजूला व्हा, तर? दुपारी घरी पोचेपर्यंत माझ्या छातीत काय होत राहील तेही दिसलं. आणि संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून, हात मोकळे, ते मुकादमाच्या मिशा वाढवतायत, तेही दिसलं. अगदी समोर दिसलं.

मी हात शालीखालीच ठेवले.

मग त्यांनी डावा हात उचलून पंजा कानाशी वाकवला आणि अंगठ्यानं मागे दाखवलं.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

शेडमध्ये दिवसातून कितीदा तरी आम्ही एकमेकांना ही खूण करायचो. मी सांगितलं, "ऐकू येत नाही म्हणतायत. मशीन चालू आहे म्हणतायत."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मागच्या इमारतीत जागा आहे," ते म्हणाले. "तिथंही ह्यांचं शिकवणं चालू ठेवता येईल."

वन्सं निघून गेल्या. माझ्याशी त्या पुढं बोलल्या, नाही असं नाही. आजारपणात माझ्यापाशीच येऊन राहिल्या आणि माझ्याच हातचं पाणी पिऊन गेल्या. पण त्या दिवसाबद्दल दोघींनी कधी तोंड उघडलं नाही. मी बरोबर केलं की चूक, हे आज या वयातही मला कुणी विचारलं तर मी विषय बदलते.

त्याच दुपारी ह्यांना चाकाच्या खुर्चीतून पलीकडे नेलं. जाळीच्या खिडकीपाशी खाट मिळाली. चादर स्वच्छ होती, आया कनवाळू होती, हे सांगायला हवं. ती त्यांना मोठ्यानं सांगत होती, आजोबा, हे तुमचं कपाट, हा तुमचा तांब्या. आजोबा म्हणण्याएवढे ते म्हातारे नव्हते. ते हातातली काठी सोडत नव्हते.

ती गेल्यावर मी शाल काढून खाटेवर टाकली आणि हात मोकळे केले.

त्यांनी ते बघितलं. चेहरा असा झाला, की मला आजही तो सांगता येत नाही. मी सगळं सांगितलं, हातांनी. ट्रक. डोकं. शब्द गेले. मी हात का बांधले. शेगडी, जिना, रस्ता. तुम्ही इथं राहायचं, मी कामाला जायचं, रोज यायचं. ते एकेका खुणेला मान हलवत होते, कारखान्यात नवीन मशीनचं काम समजून घेताना हलवायचे तशी. सगळं कळलं त्यांना. परीक्षेतलं एक वाक्य न कळलेल्या त्या माणसाला माझं अख्खं म्हणणं कळलं.

मग त्यांनी विचारलं, किती वेळ?

मी हात वर केले आणि तसेच राहिले. आमच्या खुणा पाळीपुरत्या होत्या. पाळी संपेपर्यंत, याला होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत, याला होती. उद्या, याला होती. त्यापुढचा काळ शेडमध्ये कुणाला लागतच नव्हता. पुढच्या वर्षी, कधीतरी, आता हेच, यांतल्या कशालाच हात नव्हता. नवी खूण करून सांगता आली असती. त्यांनी लग्न नव्हतं का सांगितलं, दोन खिळे बांधून? पण तेवढी अक्कल आणि तेवढी छाती त्या वेळी माझ्यात नव्हती.

मी उद्या अशी खूण केली.

ते निवांत झाले. काठी खाटेला टेकवून ठेवली. संध्याकाळचं ताट आलं, ते डाव्या हातानं सावकाश जेवले. नको म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून गेले तर ते खाटेच्या काठावर बसले होते. केस ओले करून विंचरलेले. कपाटातले कपडे काढून त्यांचं गाठोडं बांधलेलं, एका हातानं बांधलेलं, त्यामुळे एका बाजूनं सुटत होतं. डाव्या पायात बूट होता. उजवा त्यांना घालता आला नव्हता, तो मांडीवर घेऊन बसले होते.

आया म्हणाली, "सकाळपासून असेच बसलेत. बूट काढू देत नाहीत. कुठं जायचंय म्हणावं?"

मी खाली बसले. उजवा पाय उचलून बुटात घातला, नाडी बांधली. त्यांनी गाठोडं काखेत घेतलं. त्यांच्या डाव्या हातात काठी होती, म्हणून त्यांना काही विचारता येत नव्हतं. माझा एक हात त्यांच्या पाठीशी होता, म्हणून मलाही काही सांगावं लागलं नाही. आम्ही व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो. फाटक तिथून दिसतं. तिथं थोडं थांबलो आणि मग मी त्यांना हळूहळू वळवलं.